बिरूअण्णांनी विझवलेली आग

पहिल्याच भेटीत बिरूअण्णांनी माझी झडती घेतली होती.

मी मूळचा हुलसूरचा. बिदरच्या एका मराठी शाळेत गेली वीस वर्षं इतिहास शिकवतो. कमठाण्याच्या पुढं, लाल मुरमाच्या माळावर एक राखीव जंगल आहे. जंगल म्हटल्यावर डोळ्यांपुढं येतं तसं ते दाट नाही. पळस, सीताफळ, तरवड, मधूनच एखादा काटेरी हिवर, आणि बाकी सगळं गुडघाभर उंचीचं कुसळी गवत. आठवीच्या मुलांना घेऊन मी आणि आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या अर्चना मॅडम तिथं सहलीला गेलो होतो. फाटकापाशी खांद्यावर घोंगडी टाकलेला, पटका बांधलेला, उंच आणि वाळका असा एक म्हातारा उभा होता. त्यानं मुलांकडं पाहिलंसुद्धा नाही. सरळ माझ्या शर्टाच्या खिशाकडं बोट दाखवून म्हणाला, "माचिस काढा."

मी विडी-सिगारेट ओढत नाही, असं त्याला जरा ताठ्यातच सांगितलं.

"मंग खिशात कामून हाय?"

चहासाठी स्टोव्ह आणला होता आणि त्याची काडेपेटी माझ्याच खिशात होती. ती त्यानं घेतली, ड्रायव्हरचा लायटर घेतला, दोन्ही वस्तू धोतराच्या सोग्यात बांधल्या आणि मगच फाटक उघडलं. मुलांसमोर आपली शोभा झाली म्हणून मी अर्धा दिवस घुश्शात होतो. तेवढ्या वेळात त्या माणसानं मुलांना लांडग्याची पावलं दाखवली, मोर धुळीत अंघोळ करतो ती जागा दाखवली, आणि कुसळाचं टोक ओलं केलं की ते आपोआप कसं पीळ सोडत फिरतं, हे तळहातावर ठेवून दाखवलं. अर्चना मॅडम वहीत टिपून घेत होत्या. संध्याकाळी निघताना त्यानं सोगा सोडला, ज्याची वस्तू त्याच्या हातात दिली आणि मला म्हणाला, "राग धरू नका सर. जंगलाला पाय न्हाईत. आग लागली तर माणूस पळतंय, हरण पळतंय. झाडाला कुठं पळता येतंय?"

हे बिरूअण्णा. घराणं मेंढपाळांचं, पण मेंढरं विकून बरीच वर्षं झालेली. उन्हाळ्याचे चार-पाच महिने ते जंगलात आगीवर लक्ष ठेवायला रोजंदारीवर असत. उरलेलं वर्ष माळाखालच्या गावात लेकीच्या घरी राहून तिच्या शेतात राबत. साहेब लोकांशी ते कानडीत बोलत, माझ्याशी मराठीत, आणि कुणाला रागवायचं असलं की दखनी उर्दूत. एकदा मी त्याचं कारण विचारलं तर म्हणाले, "मराठीत रागावलं की मला माझ्या आईचा आवाज ऐकू येतोय, मंग राग टिकत न्हाई."

त्या सहलीनंतर रविवारी मला माळावर जायची सवय लागली. अण्णा पुढं, मी मागं. चालताना ते दर थोड्या वेळानं थांबत, चिमूटभर माती उचलून खाली सोडत आणि ती कुठं जाते ते पाहत. वारा कुठला आहे हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा ते आमच्या बिदरच्या घरी आले. बायकोनं देवासमोर उदबत्ती लावली होती. अण्णा बसायच्या आधी खिडकीपाशी गेले, पडदा कुठल्या बाजूला हलतो ते पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "अक्का, तेवढी काडी या कोपऱ्यात ठेवा." ती हसली, पण तिनं उदबत्ती हलवली. अजूनही ती त्याच कोपऱ्यात लावते.

पहिली आग मी त्यांच्यासोबत पाहिली ती एका मार्च महिन्यात. रस्त्याच्या कडेनं धूर दिसला आणि अण्णा तरवडाची हिरवी फांदी मोडून धावत सुटले. मीही फांदी मोडली आणि गवतावर जोरजोरात आपटू लागलो. त्यांनी माझं मनगट धरलं. फांदी उचलून आपटली की ठिणग्या उडतात आणि आपल्याच मागं दुसरी आग लागते. फांदी आगीवर ठेवायची, दाबायची आणि ओढायची. "मारू नका सर, झोपवा तिला," ते म्हणाले. अर्ध्या तासात ती आग आम्ही झोपवली. माझ्या भुवया करपल्या होत्या. अण्णा मात्र खाली बसून डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत नीट ओढून घेत होते. कितीही ऊन असलं तरी ते बाही दुमडत नसत, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण त्यामागं काही असेल असं वाटलं नव्हतं.

शर्यतीची बातमी आणली अर्चना मॅडमनी. बिदर आणि गुलबर्ग्यातल्या धावणाऱ्या तरुण मंडळींच्या एका गटानं याच माळावर अडथळ्यांची शर्यत ठरवली होती. जाळ्याखालून सरपटायचं, चिखलातून जायचं, लाकडी भिंत चढायची, वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन चालायचं, असे अडथळे. जमेल तो पैसा जंगलासाठी: उन्हाळ्यात आगीवर लक्ष ठेवणारी आणखी माणसं आणि जनावरांसाठी पाणवठे. तिघांचा संघ हवा आणि त्यातला एक जण जंगलाकाठच्या गावातला हवा, अशी अट होती. ती अट मला आवडली. गटाची पुढारी श्वेता नावाची गुलबर्ग्याची इंजिनियर मुलगी होती. ती कामाला पक्की आणि बोलायला गोड होती.

मॅडमच्या आणि माझ्या संघात येता का, असं मी अण्णांना विचारलं तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. मला वाटलं, हसतील. त्यांनी सगळे अडथळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, "मेंढरं रोज हेच करतेत की. तुमी शिकलेली माणसं कामून करायलाव?" मग जंगलासाठी आहे म्हटल्यावर म्हणाले, "मंग मी येतो. पण पळायची वाट आधी मी बघून घेणार."

आणि त्यांनी ती खरोखर बघून घेतली. शर्यतीच्या पंधरा दिवस आधी श्वेताबरोबर सगळा मार्ग चालून आले. दगडांच्या एका कपारीपाशी दोराचा अडथळा बांधायचा होता. तिथं लांडगीण व्यालेली आहे, असं अण्णांनी तिला सांगितलं. श्वेतानं वाद न घालता तो अडथळा दुसरीकडं हलवला. त्या दिवसापासून त्यांना ती पोरगी पसंत पडली. फक्त शेवटचा अडथळा तिनं दाखवला नाही. तो सगळ्यांसाठी गुपित होता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी शर्यत सुरू झाली. अण्णांनी चपला फाटकापाशीच काढून ठेवल्या. जाळ्याखालून ते मुंगसासारखे गेले. चिखलात मी रुतलो तेव्हा त्यांनी मला दंडाला धरून ओढलं. तरुण पोरं आमच्या पुढं निघून जात होती आणि अण्णा प्रत्येकाला वाट देत होते. अर्चना मॅडम ओढणी कमरेला घट्ट बांधून आमच्यापुढं चालल्या होत्या.

भिंतीपाशी मात्र ते अडकले. उजवा हात वरच्या कडेला पोचला, डावा खांद्याच्या वर जाईना. मी खालून आणि मॅडम वरून असं आम्ही त्यांना चढवलं. तेव्हा त्यांची बाही वर सरकली. मनगटापासून खांद्यापर्यंत कातडी जळून आक्रसलेली होती. जुना, खूप जुना डाग होता तो. मी पाहिलं हे अण्णांनी पाहिलं आणि बाही खाली ओढली.

वाळूची पोती खांद्यावर घेऊन आम्ही शेवटच्या वळणावर आलो. समोर मोकळी जागा, गाणी, फोटो काढणारी माणसं, आणि मध्ये लाकडांची आडवी रांग, पेटलेली. तिच्यावरून उडी मारली की शर्यत संपली. उडी मारतानाचा फोटो हे त्या शर्यतीचं आकर्षण होतं.

अण्णा जागच्या जागी थांबले. त्यांनी पोतं खाली ठेवलं, चिमूटभर माती उचलली आणि सोडली. वारा फिरलेला होता. मोकळी केलेली जागा वीस-पंचवीस पावलांची, तिच्या पलीकडं वाळलेलं कुसळी गवत. प्रत्येक उडीबरोबर ठिणग्या उठत होत्या आणि त्याच बाजूला जात होत्या. अण्णा श्वेताकडं गेले आणि आग विझवायला सांगितलं. तिनं त्यांना नम्रपणे समजावलं, की पाण्याचा टँकर उभा आहे, माणसं उभी आहेत, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, लोक लांबून आलेत. तिचं खोटं नव्हतं. टँकर होता, पण तो रस्त्याच्या कडेला होता आणि त्याची नळी त्या गवतापर्यंत पोचली नसती.

अण्णा परत आले. कमरेचा विळा काढून त्यांनी पोत्याचं तोंड उघडलं. ते काय करणार हे कळल्यावर मी त्यांचा हात धरला. माझ्या शाळेचं नाव आमच्या छातीवर होतं, माझे विद्यार्थी कडेला उभे होते. मी हळू आवाजात म्हणालो, "अण्णा, राहू द्या. त्यांचा कार्यक्रम आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सर, ह्या माळाला माझ्या हातानं लागलीय एकदा."

मी हात सोडला.

त्यांनी पोतं उचललं आणि आगीच्या एका टोकापासून वाळू ओतत निघाले. शांतपणे, बी पेरत जावं तसे. धावत येणारी दोन पोरं थबकली. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी शिट्टी मारली. एका स्वयंसेवकानं त्यांचा खांदा धरला तर अण्णांनी त्याला दखनीत काहीतरी सुनावलं आणि तो मागं सरला. अर्चना मॅडमनी आपलं पोतं उघडलं आणि दुसऱ्या टोकानं सुरुवात केली. मी सगळ्यात शेवटी गेलो. ते मला आजही बोचतं.

आग विझली. गाणी कुणीतरी बंद केली. श्वेताचा चेहरा लाल झाला होता. वर्षभराची मेहनत होती तिची. तिनं अण्णांना विचारलं की मला असं सगळ्यांसमोर खाली बघायला का लावलं. तेव्हा अण्णांनी तिथंच, पन्नास-साठ माणसांसमोर, कधी कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. थोडी कानडीत, थोडी मराठीत.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ते मेंढरं राखत होते. वाळलेलं गवत जाळलं की उन्हाळ्यात त्याला कोवळा फुटवा येतो, मेंढरांना चारा होतो. सगळेच मेंढके असं करत. अण्णांनी असाच फेब्रुवारीत एक पट्टा पेटवला. वारा फिरला. दोन दिवस माळ जळत होता. विझवायला गेले तेव्हा हात भाजला, तो चुलीवर पडून भाजला असं त्यांनी घरी सांगितलं. गावात चौकशी झाली. त्या दिवसांत माळावर माणिक नावाचा माणूस मोहोळं काढत हिंडे आणि मोहोळाला धूर लागतोच. सगळ्यांनी धरून चाललं की आग माणिकची. गावानं त्याला माळावर पाय ठेवायचा नाही असं बजावलं. वर्षभरात तो बायकोमुलांना घेऊन गुलबर्ग्याला गेला. अण्णा गप्प बसले.

"पुढं जंगलात रोजंदारीला माणूस पाहिजे म्हणले, मी गेलो," ते श्वेताला म्हणाले. "आग विझवली की जरा बरं वाटायचं. पण माणिकचं नाव कधी विझलं न्हाई, बाई."

श्वेता रस्त्याकडं गेली. तिनं टँकर आत बोलावला आणि विझलेल्या लाकडांवर पाणी मारून घेतलं. मागून येणारे संघ त्या काळ्या राडीतून चालत येऊन शर्यत संपवू लागले. कुणी कुरकुरलं. आम्ही कितवे आलो हे मी विचारलं नाही.

आता अण्णांची रोजंदारी जाणार, अशी मला भीती होती. त्यांनाही असावी. दुसऱ्याच दिवशी ते माझ्याकडं आले आणि सगळं कागदावर लिहून द्या म्हणाले. मी लिहिलं, त्यांनी अंगठा उठवला आणि कागद स्वतः जंगल खात्याच्या साहेबांकडं नेऊन दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला, फायलीत ठेवला आणि अण्णांना कुठल्या बाजूला जाळरेषा काढायची राहिली आहे ते विचारलं. जाळरेषा म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा. अण्णांनी राहिलेली जागा सांगितली आणि कामाला गेले.

गावात मात्र सोपं गेलं नाही. लेकीनं काही दिवस अबोला धरला. कट्ट्यावरची माणसं अण्णा आले की बोलणं थांबवत. अण्णांनी त्याची तक्रार केली नाही. पंधरा दिवसांनी मला म्हणाले, "सर, गुलबर्ग्याला चला. माणिकच्या पुतणीनं पत्ता दिलाय. मला वाचता येत न्हाई."

हुमनाबादमार्गे बसनं आम्ही गेलो. वाटभर अण्णा खिडकीबाहेर पाहत होते. मी विचारलं की काय बोलणार आहात. ते म्हणाले, "जे हाय ते."

माणिकमामा तुरीच्या डाळ मिलच्या वस्तीत, एका खोलीत राहत होते. आधी हमाली, आता एका मिलच्या दारावर राखणीला. दारापुढं तुरीच्या टरफलांची बारीक धूळ साचलेली होती. त्यांनी अण्णांना लगेच ओळखलं आणि आत घेतलं. अण्णा खाली बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "माणिक, ती आग मी लावलो होतो. तुजं नाव आलं, आन् मी गप बसलो." एवढंच. रडले नाहीत, हात जोडले नाहीत, मेंढरांचं, पोराबाळांचं कारण पुढं केलं नाही.

माणिकमामा उठले. त्यांनी चहा टाकला. आम्हाला कप दिले. स्वतःचा कप हातात धरून म्हणाले, "गाव सुटलं त्येचं काय एवढं न्हाई. गाव बरेच जण सोडतेत. मोहोळ काढायचं सुटलं माझं. हितं मध बाटलीत मिळतोय."

अण्णांनी मान हलवली. चहा झाल्यावर आम्ही निघालो. माणिकमामा दारापर्यंत आले नाहीत.

पुढच्या वर्षीही शर्यत झाली. मार्ग आखायच्या आधी श्वेता अण्णांच्या घरी येऊन गेली होती. शेवटच्या अडथळ्यापाशी आग नव्हती. तिथं दंताळी आणि खुरपी ठेवली होती. प्रत्येक संघानं दहा पावलं जाळरेषा साफ करायची, की शर्यत संपली. शहरातली पोरं घामाघूम होऊन गवत ओढत होती आणि अण्णा त्यांच्यामधून फिरत, मुळासकट काढा, वरवर नको, असं बजावत होते. संध्याकाळपर्यंत एवढा लांब पट्टा मोकळा झाला, की अण्णांना तो एकट्यानं काढायला महिना लागला असता. ते त्या पट्ट्यावरून एकदा पुढं आणि एकदा मागं चालत गेले. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी माणिकमामा आले होते. पुतणीकडं कामासाठी आलो, असं म्हणाले. दोघं म्हातारे पळसाखाली बसले. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही, फारसं बोलत नसावेतच. थोड्या वेळानं अण्णा उठले आणि त्यांना घेऊन कपारीच्या बाजूला गेले. तिथं त्या वर्षी तीन मोहोळं होती.

अण्णा गेले ते त्यानंतरच्या श्रावणात. शेतातून आले, जेवले, आडवे झाले आणि उठलेच नाहीत. माळ त्या वेळी हिरवागार होता, आगीची काळजी नसलेले दिवस होते. दहाव्याला मी गेलो. माझ्या अपेक्षेपेक्षा माणसं बरीच होती. श्वेता आली होती, साहेब आले होते, कट्ट्यावरची मंडळीही आली होती. अण्णांच्या लेकीनं सगळ्यांना आग्रह करून जेवायला बसवलं.

जेवणं झाल्यावर माणिकमामा ओसरीवर एकटे बसलेले दिसले. मी त्यांच्याशेजारी बसलो. जे विचारू नये ते विचारलं, की त्यांना माफ केलं होतं का.

त्यांनी चंची सोडली. तंबाखू मळत राहिले.

"माफी मागाय आला असता तर दारातनंच लावून दिलो असतो, सर," ते म्हणाले. "त्यो मागाय आलाच न्हाई. खरं काय ते सांगाय आला. सांगून हात मांडीवर ठेवून बसला. पुढं काय करायचं ते माझ्यावर सोडला. मला कुणी काय इचारलंय, असं त्या दिवशी पैल्यांदा झालं."

मी विचारलं, बस कितीची आहे. चारची, म्हणाले. मग उठले, चपला पायात घातल्या, पण रस्त्याकडं न जाता माळाच्या चढाला लागले. चारला अजून बराच वेळ होता.